घट

वीज असते तेव्हाही रात्री
विट्यातल्या या गच्चीवर मी दिवा लावत नाही.
टाकीला पाठ, कानाला वायरवाले हेडफोन,
आणि जालिंदरने कोइमतूरहून पाठवलेली
तीनशे ऐंशी एमबीची फाईल.
"फ्लॅक आहे," म्हणाला, "कणसुद्धा गळालेला नाही."

आमच्या धंद्यात असं कुणी बोललं तर हसतात.
सोनं मुशीत गेलं की घट आलीच.
तात्या दुकानातला केर वर्षभर साठवायचे,
पायपुसणं जाळून राखेतून दीड ग्रॅम काढायचे,
तरी वहीत एक रकाना असायचाच:
गेलं ते.

हाच अल्बम सतरा वर्षांचा असताना ऐकला,
राजा स्ट्रीटमागच्या सायबर कॅफेत उतरवून,
गाण्याला चार एमबी, जेमतेम.
झांजा म्हणजे पत्र्यावर ओतलेली खडी.
तरी तोच ऐकत ऐकत तेजाबाचा धूर गिळला.
वाटायचं, ही माणसं वाळवंटात
जनरेटर लावून, जीपचे दिवे पाडून वाजवतात,
आपल्याकडं यात्रेत माळावर ऑर्केस्ट्रा असतो तसं,
फक्त खाली बसलेलं कुणी नाही.

आज पहिल्या गाण्याआधी
कुणीतरी खुर्ची सरकवली.
ही खुर्ची पूर्वी नव्हती.
मग अॅम्प्लिफायरची घरघर,
मग गिटारची तार, इतकी सैल सोडलेली
की सूर आधी जबड्याला लागतो, नंतर कानाला.
आणि चौथ्या गाण्यात सगळे थांबतात तिथं
शांतता. कुठलीही नव्हे,
त्याच खोलीची, तिच्या भिंतींसकट.
वीस वर्षं ही कुठल्या केरात पडली होती?

तात्या वर आले. झोप नाही म्हणाले.
उजवा कान भट्टीच्या ब्लोअरने कधीच नेला,
डाव्यावर मी हेडफोन ठेवला.
ऐकत राहिले, मान जरा कलती,
टंच बघताना धरायचे तशी.
"भट्टी कुणाची चालूय?"
"भट्टी नाही तात्या, वाजवतायत. अमेरिकेत."
"ब्लोअरचा पट्टा ढिला झालाय त्यांचा.
सांग त्यांना."

लांब पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे
एकदम लागत होते, एकदम विझत होते.
हेडफोन काही त्यांनी परत दिला नाही.
मी वायर पुरेल तेवढा जवळ सरकलो
आणि त्यांच्या कानाबाहेर
जे सांडत होतं
ते ऐकत बसलो.