वाढ अजून थोडी

शेफील्डमध्ये, ग्राइंडर्स आर्म्सच्या वरच्या मजल्यावर,
जिथे मंगळवारी डार्ट्स असतात
आणि गालिचा बिअरने कायमचा चिकट,
तिथे ते चौघे पहिल्यांदा आले, भिजून चिंब.
बँडचं नाव कासा-नाशी.
माझ्या कानाला आधी त्यातला नाश ऐकू आला.
मग राइताने अर्थ सांगितला: छत्रीविना.

मी साउंडवाली. मिक्सरवर पांढरी पट्टी चिकटवते
आणि नावं देवनागरीत लिहिते,
म्हणजे बदलीवर आलेला पोरगा माझ्या फेडरना हात लावत नाही.
तोमोए. सेइजी. कुनिहिको. राइता.
शेवटचं लिहिताना हसू फुटलं.
आमच्याकडे तुला पानात डावीकडे वाढतात, म्हटलं,
काकडी घालून.
तो इतका हसला की पहिल्याच गाण्यात बास घसरला.
ऐकायला तेवीस माणसं,
त्यातली दोन वार चुकून डार्ट्सला आलेली.

साउंड चेकला तोमोए म्हणायची,
माझ्या मॉनिटरमध्ये सेइजी वाढ अजून थोडा.
सेइजीला तिचा श्वास हवा असे,
शब्दाच्या आधी घेते तो.
कुनिहिकोला सगळेच हवेत, पोटभर.
मी वाढत होते. पंगतच ती.
आग्रह करकरून एकमेकांना पानात घेणारी माणसं
मी स्टेजवर त्याआधी पाहिली नव्हती.

मग एका बिस्किटाच्या जाहिरातीने
त्यांच्या गाण्याचे अकरा सेकंद उचलले.
व्हॅनची बस झाली. बसमध्ये झोपायला खण,
प्रत्येक खणाला पडदा.
ग्लासगोत तीन हजार माणसं
एकही शब्द न कळता शब्दन् शब्द म्हणत होती,
आणि बाहेर स्टॉलवर
छत्रीविना असं छापलेल्या छत्र्या,
पंचवीस पाउंडाला एक.
यावर आम्ही पाचही जण हसलो.
पाचही जण एकदम, ते बहुधा शेवटचं.

लोक मला विचारतात, नक्की कशावरून बिनसलं?
पैसा? कुणाचं कुणावर मन?
मला आकडे तेवढे ठाऊक.
ब्रिस्टलला सेइजी म्हणाला, तिला दोन डेसिबल कमी कर.
न्यूकासलला चार.
तोमोएने बोलणंच सोडलं, नुसता अंगठा खाली.
कार्डिफला कुनिहिको म्हणाला, मला कुणीच नको,
फक्त क्लिक दे.
चौघांच्या जागी एक टिकटिक.
राइता मात्र काहीच मागत नसे.
त्याचा मॉनिटर मी जुन्या हिशेबानेच भरत राहिले, गुपचूप.

शेवटचा कार्यक्रम पुन्हा शेफील्डला, सिटी हॉलमध्ये.
शेवटचा असं कुणी जाहीर केलं नव्हतं.
पण ज्याच्या त्याच्या कानात ज्याचं त्याचंच वाजत होतं,
तेव्हा मला कळायचं ते कळलं.
स्टेजवर ते एकत्र नव्हतेच.
एकत्र होते ते हॉलच्या मागच्या बाजूला,
माझ्या डेस्कवर,
आणि समोर उड्या मारणाऱ्या पोरांच्या छातीत.
आणि खरं सांगते, इतके सुंदर ते कधीच वाजले नव्हते.
याचा मला अजून राग येतो.

रात्री बार्कर्स पूलला पाऊस.
तीन टॅक्सी एकामागून एक गेल्या.
राइता डेस्कपाशी आला,
पट्टीवरचे आकार निरखत राहिला,
आपलं नाव त्याने बरोबर ओळखलं,
नखाने सोडवलं,
बासच्या पेटीवर चिकटवलं.
काकडी राहिली, म्हणाला. मराठीतून.
हा शब्द त्याने कधी पाठ केला कोण जाणे.

उरलेली तीन नावं मी चुरगाळून टाकायला गेले,
ती बोटालाच चिकटून बसली,
ट्रामचा स्टॉप येईपर्यंत.

बुधवारी मी पुन्हा ग्राइंडर्स आर्म्सच्या वरच्या मजल्यावर.
बार्न्सलीच्या तीन पोरी, कर्कश,
गिटारही नीट लावता येत नाही.
त्यातली एक ओरडली,
अहो, मला ही ड्रमवाली ऐकूच येत नाहीये.

वाढली.
हात आखडता घेतला नाही.