किंचित

वेस्प्रेममध्ये वारा सुटला की प्रयोगशाळेच्या खिडक्या
दात वाजवत बसतात.
वाद्कर्ती एमेशे काचेवर तेलाचा थेंब सोडते,
भिंग खाली आणते
आणि मोजायला लागते.

उंदराच्या मांडीचं हाड. काडेपेटीतल्या काडीएवढं.
सकाळी बोल्डिझारने ते उभं चिरलं,
चित्रकाराचा बारीक कुंचला रक्तद्रवात बुडवून
आतल्या मऊवरून हलकेच फिरवला
आणि काचेवर चार रेघा ओढल्या, शेजारी शेजारी.
आता त्या रेघांत जांभळ्या पेशी, गुलाबी पेशी,
वाटोळ्या, मुडपलेल्या,
काही अजून नाव ठरायचं वय न झालेल्या.
दर शंभराला मोजयंत्राची घंटा वाजते.
पाच घंटांना एक प्राणी संपतो.

आपल्याकडे मज्जा म्हणजे गंमतसुद्धा.
तिच्या भाषेत तोच शब्द मेंदूला चालतो,
आणि थोडक्यात बोललेल्या नेमक्या वाक्यालाही.
अहवालात तिला नेमकं तेच करायचंय.

पहिला गट, औषध नाही:
छातीच्या हाडाच्या कापात पेशींची दाटी,
सुई शिरायला जागा नाही.
चौथा गट, सर्वांत मोठी मात्रा:
मधे मधे चरबीची पांढरी भोकं.
उजाड नाही म्हणता येणार.
पंगत बसावी आणि चार-दोन पानं
रिकामीच राहावीत, तेवढं.

"औषधच," बोल्डिझार म्हणतो.
ती खाद्याची वही उलटते.
चार हजार बत्तीस: सोमवारी अठरा ग्रॅम,
गुरुवारी अकरा,
रविवारी सात.
उपाशी देहाचं हाडही आतून ओस पडतं.
मग या रिकाम्यातलं विषाचं किती, भुकेचं किती?
घंटा तेवढं सांगत नाही.

रविवारी सासूकडे सूप.
पिरोश्का नळीचं हाड ताटलीवर आपटते,
लसूण घासलेल्या भाजक्या पावावर मगज पसरते, वर मीठ.
"खा. अंगात काही राहिलं नाही तुझ्या."
एमेशे खाते. चांगलं लागतं.
"पिवळट आहे," ती म्हणते, "गाय वयस्क होती."
"एकदा तरी," सासू म्हणते, "नुसती जेव गं."

सोमवारी ती "सौम्य" लिहिते. खोडते.
"किंचित" लिहिते, त्याकडे बघत राहते.
मग खाली एक ओळ:
आणखी एक गट हवा.
औषध द्यायचं नाही,
फक्त ताटातलं काढून घ्यायचं,
चौथ्या गटाने जितकं टाकलं तितकंच, दिवसागणिक.

बोल्डिझार वाचतो. "म्हणजे आणखी बारा."
"हो."
"एका शब्दासाठी."
ती उत्तर देत नाही.

संध्याकाळी छपाईयंत्रातून चिठ्ठ्या निघतात,
पाच हजार एकपासून पाच हजार बारापर्यंत.
वारा पडलाय.
नळाखाली ती कुंचला धुते,
बोटांनी टोक पुन्हा पुन्हा जुळवते,
एक केस काही केल्या
बाकीच्यांत बसत नाही.