कोअरबॉक्स

उद्यमनगरात सदतीस वर्षं मी लाकडात पोकळी कोरतोय.
पंपाची, वॉल्व्हची, गुऱ्हाळाच्या चरकाची.
गिऱ्हाईक ओतलेलं लोखंड बघतं,
आम्ही पॅटर्नवाले बघतो
जिथं लोखंड पोचणार नाही ती जागा.

समुद्र घाटाखाली. इथं तो पिशवीत मिळतो, किलोवर.
शनिवारी बादलीत ढवळायचा
आणि पंचगंगेच्या पाण्याला
खारट व्हायला शिकवायचं.

शिकलगारांच्या अस्लमनं दिलेलं पोवळं,
त्याच्या तुकड्याचा तुकडा, अंगठ्याएवढा.
तीन वर्षांत वाटीएवढं झालं. एकच प्राणी, एकच तोंड.
दिवा मालवला की बोटं काढायचं बाहेर,
झोपलेलं पोर मुठी सोडतं तशी.

मग त्या मंगळवारी अकरा तास लाईट नव्हती.
स्कूटरची बॅटरी सातव्या तासाला बसली.
सकाळी बोटं आत, अंगावर फेस.
"गेलं," बायको म्हणाली,
"आता तरी ते टेबल मोकळं करा."

भाची अपेक्षा प्राणिशास्त्राला आहे.
ओढणीत गुंडाळून कॉलेजचा मायक्रोस्कोप घेऊन आली,
के.एम.टी.त मांडीवर धरून.
"मामा, कापूया? टाकणारच हाय न्हवं."

मी मधोमध रेघ मारली.
बारीक पात्याची करवत लावली,
सवयीनं अर्धा सूत सोडून.

दोन अर्धी उघडली
आणि मी स्टुलावर बसलो.
हा तर कोअरबॉक्स.

वर फट, ते तोंड.
खाली घसा, अर्धवट उलटलेल्या मोज्यासारखा आत लोंबणारा.
त्याखाली एकच खोली.
"मागं दार न्हाई," अपेक्षा म्हणाली,
"जे इथनं आत, त्याचा चोथा इथनंच भाईर."
खोलीत पडदे, भिंतीकडून मध्याकडं आलेले.
अर्ध्यात मोजले, दुप्पट केले, सहाच्या पाढ्यात बसले.
आणि दोन पडद्यांमधे
तळातून उगवलेलं चुन्याचं पातं.
मऊ, कडक, मऊ, कडक,
कुठं कशाला घासत नाही.

आम्ही लाकडाला उतार देतो, एक अंश, दीड अंश,
वाळूतून पॅटर्न अलगद सुटावा म्हणून.
ह्यानं उतार दिलेलाच नव्हता.
ह्याला सुटायचंच नव्हतं.

"मेंदू कुठाय?"
"न्हाई."
"काळीज?"
"न्हाई."
"मग रक्त तरी?"
"पाणीच की ओ. तुम्ही ढवळलेलं."

पडद्याच्या कडेला दोऱ्यांची चुणीदार झालर.
अन्न विरघळतं ते तिथं.
आणि त्याच पडद्यावर, बोटभरही अंतर नाही,
खसखशीएवढे दाणे. अंडी.
मला काही ते पटेना.
जिथं जिरवायचं तिथंच जपायचं?
बायको मागून म्हणाली,
"आपली कॉट स्टोव्हला लागूनच होती की,
दोन्ही पोरं तिथंच झाली."
अपेक्षा खाली बघून काच पुसत राहिली.

मग तिनं झालरीचा तुकडा काचेवर घेतला.
डोळा लावला. काढला. परत लावला.
"मामा."
मी वाकलो.
उसाच्या शेंड्यांवरून वारं जावं
तशी सबंध कड हलत होती,
एका बाजूनं दुसऱ्या बाजूला,
कुणी थांबायला सांगितलं नव्हतं म्हणून.

करवत टेबलावरच होती.
मी ती उचलून दाराआड ठेवली.

एम-सील मळलं. दोन्ही अर्धी
दगडावर वेगवेगळी चिकटवली, आणि टँक चालू केला.
अपेक्षाला वाटलं, मी रागावलोय. रागावलो नव्हतो.
सदतीस वर्षांत एकदाही
कापण्याआधी विचारायची वेळ आली नव्हती, एवढंच.

आज बारावा दिवस.
एक अर्धं पांढरं पडलंय, हाडासारखं.
दुसऱ्याच्या कापल्या कडेवर कातडी ओढली गेलीय
आणि मध्यावर नव्हे, एका कोपऱ्यात,
एक फट दिसते.
तोंड असेल.
नाहीतर माझ्या पात्याची खूण.

रात्री फौंड्रीची भट्टी ओतून झाली की
चिमट्यात कोळंबीचा चुरा धरून बसतो.
फटीजवळ ठेवतो.
बायको विचारते, "गेलं का आत?"