उभी आहेस ती उडी नव्हे

नऊ उणे चार बरोबर सहा,
नुजहतनं पाटीवर लिहिलं
आणि मी काही म्हणायच्या आधीच माझ्याकडे बघितलं.
चुकलंय हे तिला ठाऊक होतं.
कुठे, ते नव्हतं.

फळ्यावर रेघ होती, शून्यापासून बारापर्यंत.
तिनं बोट नऊवर ठेवलं आणि मोजलं:
एक, नऊवरच.
दोन, आठ. तीन, सात. चार, सहा.
बोट प्रामाणिक होतं.
उत्तर एका घरानं हुकलं.

मी तीनदा सांगितलं.
तीनदा तिनं मान डोलावली.
चौथ्यांदा पुन्हा सहा.

मग दुसरीची अकरा मुलं घेऊन मी खाली गेले,
वेळदूरच्या जेटीच्या अलीकडे,
जुन्या दगडी पायऱ्यांवर, जिथे आता
नुसत्या होड्या बांधतात.
डालड्याच्या डब्यात चुना,
नारळाच्या सोडणाचा कुंचला.
पाणी टेकलं होतं त्या पायरीवर
शून्य काढलं, भाकरीएवढं.
वर एक, दोन, तीन, असं करत
बारावी पायरी थेट रस्त्याला,
बर्फाचा टेम्पो उभा असतो तिथे.

"नऊवर उभी राहा."
राहिली.
"आता चार उतर."
तिनं जागच्या जागी पाय आपटला,
म्हणाली, "एक,"
आणि थांबली.

पाय उचलला होता, पण ती कुठे गेलीच नव्हती.
देवांग पालशेतकर फिस्सकन हसला.
त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं,
कारण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलत होतं,
गळाची दोरी हलते तसं, बारीक.

"बाई, उभी हाय ती उडी नाय."

नाय, गं.
उभी आहेस ती नुसती जागा.

मग आठवर एक. सातवर दोन.
सहावर तीन. पाचवर चार.
आणि पाचवर ती अशी उभी राहिली
जणू तो दगड तिनंच घडवून बसवला होता.

पुढे कोण थांबतंय!
बारा उणे सात, दहा उणे दहा,
सात उणे शून्य म्हटल्यावर यज्ञा
हलली नाही आणि त्याचा तिला केवढा अभिमान.
ओल्या तळव्यांनी आकडे पुसले जात होते,
सहा अर्धा गेला, नवाची शेपटी गेली,
तरी कोणी पायरी चुकेना.
परत वर चढणं मी शिकवलंच नाही.
ते त्यांना येत होतं.

होडीतून सिराजमामा ओरडला,
"बाई, भरती लागली! तीन पायऱ्या बाद!"
खरंच. शून्य, एक, दोन, पाण्याखाली.
देवांग म्हणाला, मग आता तीनच शून्य.
यज्ञा म्हणाली, पाणी आलं म्हणून
नाव बदलतं का कुणाचं?
त्यावर दोघांचं जे भांडण लागलं
ते शाळा सुटेपर्यंत पुरलं,
आणि मी ते सोडवलं नाही.

अमावास्या जवळ आली तशी सुकती खोल गेली.
शनिवारी सकाळची शाळा,
प्रार्थनेला नुजहत नाही.
ती पायऱ्यांवर होती.
चुना धुऊन गेलेला, शून्याची नुसती कड उरलेली,
आणि शून्याच्या खाली
आणखी दोन पायऱ्या,
हिरव्या, कालवांनी खरखरीत,
आकडा नसलेल्या.
दुसरीवर ती.

"तीन उणे पाच," तिनं खालूनच सांगितलं.
"हिचं नाव काय, बाई?"

दुसरीच्या पुस्तकात हिला नाव नाही.
लहानातून मोठं जात नाही, असं मला
माझ्या बाईंनी सांगितलेलं, छडी टेबलावर ठेवून.
तेच वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं.

चपला हातात घेतल्या,
उतरत उतरत शून्यावर आले.
आता मी तिथे उभी.
ती काही उडी नव्हती.

"शेवाळ हाय, बाई," ती म्हणाली,
आणि हात पुढे केला.
"पण खाली दगड हाय."