दहा हेक्टरला एक पेटी

ट्रकच्या हौद्यात मधमाश्यांच्या चार पेट्या,
काटेरी तारेची दोन भेंडोळी,
माझ्या मांडीवर पाणीसंस्थेची वही.
खाली गावात नळाच्या बिलावर
महिन्याला एक बोलिव्हियानो जास्त लावतो आम्ही.
आई दर महिन्याला विचारते,
झाडं नुसती उभी राहतात डोंगरात,
त्याचे कसले पैसे?

फुल्हेन्सिओचं घर रस्ता संपतो त्याच्याही पुढे.
पेट्या पाठीला बांधून चढलो, मी आणि ड्रायव्हर.
माश्या आत कुरकुरत होत्या
बँक उघडायच्या आधीच्या रांगेसारख्या.

करार साधा: त्याने जंगल तोडायचं नाही,
गुरं आत सोडायची नाहीत.
आम्ही दर दहा हेक्टरला एक पेटी द्यायची.
रोख नको, हे वरच्यांनीच पहिल्या सभेत सांगितलेलं.
रोकड शनिवारी येते, रविवारी फुटते.
पेटी झाडाखाली राहते,
तिच्याकडे बघायचं तर झाडाकडेही बघणं होतं.

मी शेण शोधत आत जाते.
हेच माझं काम, वर्षातून एकदा:
शेण, ताजा बुंधा, करवतीचा भुसा.
पाऊस नव्हता, तरी सगळं टिपकत होतं.
ढग झाडांना अंग घासत चालला होता
आणि प्रत्येक फांदी
आपल्या सवडीने एकेक थेंब सोडत होती.
वहीत थेंबांसाठी रकाना नाही.
शेण: नाही, असं लिहिलं.

परतले तर फुल्हेन्सिओ पेट्यांकडे पाठ करून बसलेला.
"निकानोरने करवतीला नवी साखळी बसवली,
साऱ्या गावाला आवाज ऐकवला,
तेव्हा त्याला पाच पेट्या मिळाल्या.
मी तर तोडणारच नव्हतो.
गुडघे गेलेत माझे. मुलं सांता क्रूझला.
मग मी नेमकं काय विकतोय तुम्हाला?"

प्रशिक्षणात यासाठी एक शब्द शिकवला होता.
लांबलचक, तीन आकृत्यांसकट.
त्या गुडघ्यांसमोर तो तोंडाबाहेर येईना.
अकरा वर्षं मीटरवर वाकून मी पाणी मोजलं,
जोखलं नव्हतं कधी.

मग त्याने एक पेटी उचलून
माझ्या पायाशी आणून ठेवली.
"ही एर्मेलिंदाला दे.
तिच्याकडे जंगल नाही,
तिच्या नवऱ्याने कधीच बटाट्याला घातलं ते.
म्हणून ती तुमच्या वहीत नाही.
पण झऱ्याला कुंपण तिनेच घातलंय. जाऊन बघ."

गेले.
जुन्या पलंगाच्या स्प्रिंगा,
सायकलची चाकं, एक पाळण्याचा कठडा,
सगळं तारेने एकमेकांत गुंतवून
हातभर रुंद पाण्याभोवती उभं केलेलं.
बाहेर गाईच्या खुरांचा चिखल,
आत तळाचा खडा न् खडा दिसत होता.
एर्मेलिंदा म्हणाली, पेटी कुठे ठेवू?
फुलं तर फक्त बटाट्याला येतात इथे.
आणि हसली, आणि तरी जागा झाडायला लागली.
उरलेलं तारेचं भेंडोळंही तिथेच राहिलं.

ट्रकमध्ये वही उघडली.
लाभार्थीचं नाव, हेक्टर, झाडोरा टक्के.
तिचे हेक्टर शून्य. टक्के शून्य.
ड्रायव्हर सिगरेट ओढत समोर बघत राहिला.
मी लिहिलं:
एक पेटी वाटेत घसरली, फुटली.
एक भेंडोळं गंजलेलं, टाकून दिलं.
खाली सही केली, नेहमीपेक्षा स्वच्छ.

फुटलेल्या पेटीचा मध पुढच्या वर्षी
रमच्या बाटलीतून खाली आला,
बुचाऐवजी मक्याचं कणीस.
आईने बोट बुडवलं.
"कडवट आहे थोडा," म्हणाली.
मग चमचा शोधला.
मग नळ सोडून
चमचा वाहत्या पाण्याखाली धरून
बराच वेळ तशीच उभी राहिली,
बिलाचं काही न बोलता.
मीच म्हटलं शेवटी,
आई, नळ बंद कर.