प्रश्न क्रमांक एक्केचाळीस

तांडापेठेत दुपारी दोनला
कूलरमधल्या खसाचा ओला वास येतो, आणि त्यामागून
थांबलेल्या मागाचा : लाकूड, तेल, जुनी खळ.
मी फॉर्म काढते. चौदा पानं.
एकोणतीस वर्षांपूर्वी बालवाडीत गेलेली मुलं
आणि त्यांची घरं. दीर्घकालीन परिणाम.

यादीत नाव : रंजिता सोनकुसरे.
रंजिता पुण्याला, लॅबमध्ये रक्त तपासते.
उत्तरं तिची आई देते,
वालाच्या शेंगा सोलत, माझ्याकडं न पाहता.
लग्न? सव्विसाव्या वर्षी.
कर्ज? तिनंच फेडलं.
पेन सुखानं चालतं.

एक्केचाळीस. बालवाडीमुळे घरात काही बदल झाला का?
हो. नाही. सांगता येत नाही.

कुंदाबाई हनुवटीनं दाखवतात.
कोपऱ्यात रंजिताचे वडील जेवून उठलेत,
कापऱ्या हातांनी बसायची पट्टी गुंडाळतायत
कडेला कड लावून.
"तीन वर्साची होती. म्हणे बाबा,
आपली पट्टी आपण गुंडाळाची.
तवापासून एक दिवस चुकले नाई.
भांडून उठले तरी गुंडाळूनच उठते."

याला रकाना नाही.
समासात लिहिते, तिरपं.

तेवढ्यात मागाजवळून कोणी म्हणतं,
"मॅडम, माहा फॉर्म?"

हेमराज. थोरला. तेव्हा पाच वर्षांचा.
"बाईनं दोघांले बी बलावलं होतं," कुंदाबाई म्हणतात,
"पण मंग कांड्या कोण भरन?"
आणि शेंग हातातच राहते.

आमच्यात याला तुलना गट म्हणतात.
तो आम्ही शोधला बिनाकीत, वांजऱ्यात,
उत्पन्न जुळवून, घरातली माणसं मोजून,
तीन महिने, ऑटोच्या पावत्या जोडत.
इथं तो एकाच ताटात जेवला होता.

"तुमचं नाव यादीत नाही," मी म्हणते.
"मालूम हाय."
खळीचे हात तो पँटला पुसतो.
"तिले सोडाले मीच जात होतो ना.
दारातून थोडंसं दिसे.
तारेत लाल मणी ओवले होते, मोजाचे.
तेवढं लिवून घ्या."

चौदावं पान उलटं करते. मागची बाजू कोरी.
"किती मणी?"
हे कुठल्याच फॉर्मात नाही, तरी विचारते.

तो थांबत नाही, आठवत नाही, बोटं मोडत नाही.
"दहा," म्हणतो. "एक फुटका."