एका कळशीला नऊ

नाताळच्या सुट्टीत आम्ही सात जण आलो होतो
देवगडच्या अलीकडे, सड्याच्या उतारावरच्या बोंडगेवाडीत.
दोन छिन्न्या, एक उसना पाइपपाना,
पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी
आणि वहीत आधीच सुटलेलं गणित.

वीज नको, डिझेल नको.
व्हाळाचं पाणी नळीतून खाली धावतं,
झडप आपटते, पाणी दचकतं,
आणि त्या दचकण्यातला थोडासा भाग
दुसऱ्या नळीने वर चढतो, घरांपर्यंत.
एक कळशी चढवायला नऊ कळशा व्हाळात परत.
निनाद हे समजावायचा तेव्हा
त्याचे हात त्याच्या आधी बोलायचे.

शेवंती मांजरेकर चुंबळ हातात घेऊन ऐकत होत्या.
"तुमचा गणित बरा आसा," म्हणाल्या,
"पण पाण्यान ता वाचूक नाय.
ह्या व्हाळात शिमग्यापुढे बेडूक पण ऱ्हवत नाय.
खालची कोंड बघा."
आम्ही कोंड पाहिली. फोटो काढला.
तिथून चढ अठरा मीटरनी जास्त,
तेवढी नळी आमच्याकडे नव्हती,
सुट्टी तर त्याहून नव्हती.

सातव्या दिवशी पंप बोलला. ठक्. ठक्.
वरच्या टाकीत करंगळीएवढी धार.
कुणी नारळ फोडला. चेतसने ओल्या सिमेंटात काडीने लिहिलं
कॉलेजचं नाव, वर्ष, आमची सात आद्याक्षरं.
फोटोत सगळे हसताहेत.
शेवंतीबाई कडेला अर्ध्याच आल्या आहेत.

अहवालात मी "यशस्वी" लिहिलं.
दहापैकी नऊ मिळाले.

वैशाखात मी एकटा परत आलो.
एसटी सड्यावर सोडून गेली,
कातळावर चपलांचं रबर चिकटत होतं.
व्हाळ कोरडा. चौथरा कोरडा.
पंपाच्या जागी चार गंजके बोल्ट,
आणि आमच्या आद्याक्षरांवर
कुणीतरी आमसुलं वाळत घातलेली.
मी तिथेच बसलो, एक आमसूल तोंडात टाकलं,
चोरून, जसा काही चौथरा माझा नव्हता.
आणि खालून, करवंदीच्या जाळ्यांपलीकडून,
ठक्.

होळी झाल्यावर त्यांनी तो कोंडीवर नेला होता.
नळी वर्गणीची.
झडप फाटली तेव्हा इब्राहिम सोलकरांनी,
होड्यांची इंजिनं उघडण्यात ज्यांचा जन्म गेला,
ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून नवी कापली.
नळीच्या तोंडाशी फाटक्या पागाचा तुकडा,
जांभळीची पानं अडवायला.
आमच्या हिशेबाने तिथे तो चालायलाच नको होता.
चालत होता, हळू, तासाला चार कळशा.
तेजल, आठवीतून नववीत गेलेली,
मिनिटाचे ठोके मोजून लिहायची
आम्ही विसरलेल्या वहीत,
आमचं गणित संपतं त्याच्या पुढच्या पानापासून.
"एक्कावन," ती म्हणाली, वर न बघता.
"पन्नासच्या खाली गेला की पाना घेऊन उतरायचं."

मी विचारलं, मी काय करू?
शेवंतीबाईंनी घमेलं दिलं.

कोंडीतला गाळ उपसता उपसता दिवस कलला.
झडपेतून सांडणारं पाणी माझ्या पायांवरून
खाली कुणाच्या तरी माडांच्या आळ्यांत शिरत होतं.
त्या नऊ कळशांचं पुढे काय होतं
हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

रात्री पडवीत झोपलो. ठोका उशाशी,
मग स्वप्नात, मग कुठेच नाही.
वाडीत आधी शांतता जागी झाली, मग माणसं.
कुठेतरी कडी वाजली,
बॅटरीचा उजेड पाखाडी उतरत गेला,
लोखंडावर पाना, एक शिवी, बहुधा मुलीची.
ठक्.

मी अजून चप्पल शोधत होतो.